‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांवर माझा संशय

सोलापुरात मी लोकांना स्कूबा शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग आभाळाकडं. एका बाईंनी तर तोंडावर विचारलं, “अहो, इथं नळाला चार दिवसांनी पाणी येतंय, आणि तुम्ही बुड्या मारायला कुठनं आणता?” त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मलाही ह्या बाईचा काहीतरी डाव असेल असंच वाटलं असतं.

पाणी आहे. पोहण्याच्या तलावात मी आधी शिकवते, आणि मग कुंभारीच्या बाजूला एक बंद पडलेली खडीची खाण आहे, तिच्यात सराव करून घेते. थंडीत तिचं पाणी नितळ असतं. तळाशी एक गंजलेली ट्रॉली पडलेली आहे, चिलापी मासे तिच्यातून आत-बाहेर करत असतात. समुद्रासारखी रंगीबेरंगी गंमत तिथं नाही. पण इथं जो घाबरत नाही तो पुढं समुद्रात घाबरत नाही, म्हणून मला ती खाण आवडते.

मी मूळची होटगीची. वडील रेल्वेत गँगमन. त्यांनी माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलून दिलं, ती माझी पोहण्याची शाळा. पुढं कोकणात एका स्कूबाच्या केंद्रावर बरीच वर्षं नोकरी केली. पर्यटक बायकांना सोबतीला बाई हवी असायची आणि तिथं बाई मीच एकटी होते. गुडघे कुरकुरायला लागल्यावर गावाकडं परतले. इथली पोरं मला ‘अक्का’ म्हणतात, आणि आता त्यांचे बापही म्हणतात.

स्वभावानं मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं तराजूला नुसता हात लावला तरी मी पुन्हा वजन करायला लावते. आमचे हे म्हणतात, “तू देवळात हात जोडतेस, पण लक्ष सगळं चपलांवर.” संसारात ह्या स्वभावाचा कुणाला उपयोग झाला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पाण्याखाली मात्र त्याच स्वभावाचा मला पगार मिळाला.

कारण पाण्याखाली माणूस बोलू शकत नाही, पण खोटं बोलू शकतो. तोंडात हवेची नळी असते, म्हणून सगळं हातानं सांगायचं. अंगठा आणि शेजारचं बोट जोडून गोल केला की ‘ठीक आहे’. मुठीतून अंगठा वर केला की ‘वर चला’. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा नियम ह्या अंगठ्याचा आहे. कुणीही, केव्हाही, कारण न सांगता अंगठा दाखवावा आणि सगळ्यांनी निमूट वर यावं. “का?” असं विचारायचं नाही. वर आल्यावर तोंड वाकडं करायचं नाही. पाय दुखला, थंडी वाजली, काहीच झालं नाही पण मन लागेना, सगळी कारणं सारखीच.

लोकांना वाटतं, मजा येत नाही हे काय वर येण्याचं कारण झालं? मी म्हणते, तेच पहिलं कारण. खाली काही बिघडायला लागलं की आधी मजा जाते. मग श्वास भरभर व्हायला लागतो, मग डोकं चालेनासं होतं. ज्यानं पहिल्या पायरीवर अंगठा दाखवला तो वर येऊन चहा पितो. जो तिसऱ्या पायरीपर्यंत थांबतो, तो घाबरून एकदम वर सुसाट सुटतो, तेही श्वास कोंडून. आणि तिथंच घात होतो. खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते. तव्यावरची भाकरी फुगते तशी छातीतली हवा फुगते, आणि तिला बाहेर जायला वाट ठेवली नाही तर फुप्फुस फाटतं. म्हणून सावकाश यायचं आणि श्वास चालू ठेवायचा, एवढंच मी घसा कोरडा होईतो सांगते.

अंगठा दाखवायला मात्र कुणी तयार नसतं. मला वाटतं ह्याला आपली पंगत जबाबदार आहे. आपल्याकडं पोट भरलं तरी मधेच उठायचं नाही. वडीलधारं माणूस उठेपर्यंत हात ताटातच ठेवून बसायचं, नाहीतर अपमान झाला. लहानपणापासून हे अंगात मुरलेलं. तीच माणसं पाण्यात उतरतात. नवरी नवऱ्याच्या आधी उठत नाही, नवरा मित्रांच्या आधी उठत नाही, साहेब कारकुनाच्या आधी तर मेला तरी उठत नाही. सगळे खाली एकमेकांकडं बघत गोल दाखवत बसतात, ठीक आहे, ठीक आहे.

कोकणात एक नवं जोडपं आलेलं. ती पोरगी खाली मला सारखा गोल दाखवायची आणि दुसऱ्या हातानं माझा दंड असा धरायची की वर आल्यावर निळी बोटं उठलेली. तिच्या कुठल्या हातावर विश्वास ठेवायचा? मी दंडावरच्या हातावर ठेवला आणि तिला वर काढलं. नवरा माझ्यावर खेकसला, “ती ठीक म्हणत होती ना?” ती बिचारी होडीत बसून ओकत होती आणि ओकता ओकता म्हणत होती, “मजा आली, खूप मजा आली.”

आणखी एक धोका म्हणजे विहिरीत पोहलेले पहिलवान. मीही त्यातलीच, म्हणून त्यांना पुरतं ओळखते. विहिरीत श्वास कोंडून तळाची माती वर आणली की गावात मान. तीच सवय घेऊन माणूस सिलिंडर पाठीला लावतो आणि खाली जाऊन श्वास कोंडतो. ज्याला मुळीच पोहता येत नाही त्याला शिकवणं त्यापेक्षा सोपं.

सगळ्यांत मला आवडल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. खाणीत उतरून जेमतेम ट्रॉलीपर्यंत पोचलो आणि त्यांनी शांतपणे अंगठा दाखवला. मला लगेच शंका, ह्यांना छातीत दुखतंय आणि लपवतायत. वर आणून मी त्यांना उलटसुलट विचारलं, म्हणजे नियम मीच मोडला. त्या म्हणाल्या, “अहो, बघितलं की. पाणी बघितलं, मासे बघितले. मला काही आवडलं नाही. बास.” आणि डब्यातली शेंगाचटणी-भाकरी काढून खायला बसल्या. इतकं सरळ उत्तर मला धंद्यात पुन्हा मिळालं नाही.

आता जी गोष्ट सांगायला बसले तिच्याकडं येते. ह्यातल्या माणसांची नावं बदलली आहेत. ह्यातले दोघे म्हातारे व्याही पेपराशिवाय काही वाचत नाहीत असं त्यांची मुलं सांगतात. मला त्याचीही खात्री नाही.

प्रतीक माढ्याकडचा आणि श्रावणी इथली, शहरातली. दोघं पुण्यात नोकरीला, तिथंच जमलं. प्रतीकचे वडील भानुदासराव उसाचे बागायतदार. श्रावणीचे वडील राजेशम यांचा टॉवेलचा कारखाना, घरात सगळे तेलुगू बोलणारे. लग्न झालं, पण दोन्ही घरं नाखूश. भानुदासराव लग्नात अक्षता टाकून न जेवता निघून गेले होते, आणि तेव्हापासून राजेशम यांनी माढ्याला पाऊल टाकलं नव्हतं. आता श्रावणीला दिवस गेलेले, आणि डोहाळजेवण दोन घरी दोन व्हायची लक्षणं. पोरीचं म्हणणं एकच, की दोघे बाप एका ठिकाणी बसलेले तिला बाळ व्हायच्या आधी बघायचेत.

प्रतीक माझ्याकडं शिकलेला. दोघा बापांना माझ्याबरोबर खाणीत उतरवायचं, अशी अजब शक्कल त्यानं काढली. आधी सासऱ्यांना विचारलं, “बाबा उतरणार आहेत, तुम्ही येता का?” मग वडिलांना विचारलं, “श्रावणीचे नाना उतरणार आहेत, तुम्ही येता का?” दोघांनी एकच उत्तर दिलं, “ते उतरतात तर मी काय भितो का?”

मला हे ऐकल्याबरोबर संशय आला. पाण्यात जायला हे कारण मुळीच चांगलं नव्हे. मी नाही म्हणून सांगितलं. मग श्रावणी आली, पोटावर हात ठेवून समोर नुसती बसली. मी डॉक्टरचे दाखले मागितले, तर दोघांनी दुसऱ्या दिवशी आणून दिले.

तलावातल्या सरावात मी दोघांना पारखून घेतलं. राजेशम यांना पोहता येत नव्हतं, पण सांगितलं तेवढंच आणि तसंच करायचे. भानुदासराव म्हणजे अस्सल विहिरीतला गडी. पहिल्याच दिवशी म्हणाले, “अक्का, आमी हिरीच्या तळाचं खापर दातात धरून वर यायचो. ह्यो तलाव म्हंजी आमाला परात हाय.” झालं. माझा सगळा संशय त्यांच्यावर जाऊन बसला. हा माणूस खाली श्वास कोंडणार आणि व्याह्याला दाखवायला शेवटपर्यंत थांबणार.

खाणीवर आलो तेव्हा सकाळचं ऊन पडलं होतं. श्रावणी काठावर खुर्ची टाकून बसली. तिथं राजेशम यांच्या अंगाला बामचा वास आला. मी थांबले. सर्दी असेल तर कान दुखतात, खाली नेता येत नाही.

“सर्दी झालीय का?”

“नाही हो अक्का. गुडघ्याला लावलंय.”

“बघू गुडघा.”

भानुदासराव हसले. राजेशम यांनी खरंच पँट वर करून गुडघा दाखवला, मी खरंच वास घेतला. बाम गुडघ्यालाच होता. तरी उथळ पायरीवर नेऊन कान मोकळे होतात का ते पाहिलं, मगच पुढं गेलो.

उतरताना मी भानुदासरावांना चिकटून राहिले. दुसऱ्या बाजूला हाताच्या अंतरावर राजेशम, आणि त्यांच्या मागं प्रतीक, कॅमेरा घेऊन. तळाला पाणी गार होतं. भानुदासरावांचे बुडबुडे फार सावकाश निघत होते. कोंडतोय गडी, मी मनात म्हटलं. हातानं छातीकडं खूण केली, श्वास घ्या. त्यांनी मोठा श्वास सोडून दाखवला. परत सावकाश. मी परत खूण केली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की डोळ्यांवरच्या काचेतनंसुद्धा शिवी समजली.

राजेशम ठीक वाटत होते. मी हातानं विचारलं, त्यांनी गोल दाखवला. थोड्या वेळानं पुन्हा दाखवला, ह्या वेळी मी विचारलंच नव्हतं. मग परत दाखवला. न विचारता दिलेला गोल मला मुळीच चालत नाही. मी वळून त्यांच्या काचेत बघितलं. डोळे मोठे झालेले, बुडबुड्यांची माळ तुटत नव्हती. श्वास नुसता धावत होता. ते एकदा वर, पाण्याच्या पांढऱ्या उजेडाकडं बघत होते आणि एकदा व्याह्याकडं. हा माणूस आता कुठल्याही क्षणी पाय मारून वर सुटणार, आणि वर त्याची गरोदर पोरगी बसलेली.

मी अंगठा वर करायला हात उचलला, तेवढ्यात भानुदासरावांनी अंगठा दाखवला. मला आधी, मग राजेशम यांना, आणि मग कॅमेऱ्यासमोर धरून प्रतीकला. चांगला ठसठशीत, निवडणुकीचं बटण दाबावं तसा. आणि सरकून व्याह्याचा हात धरला.

बघा, केलाच ह्यानं घोळ, असंच माझ्या मनात आलं. श्वास कोंडून बसला होता, आता घाबरला. मी एका हातानं राजेशम यांचा पट्टा धरला, दुसऱ्यानं भानुदासरावांचा, आणि आम्ही सावकाश वर आलो. वर येताना मधे जिथं थांबायचं असतं तिथं थांबलो, बुडबुडे सोडले. राजेशम यांचा श्वास तेवढ्यात खाली बसला. वर येतोय एवढं कळल्यानंच माणूस अर्धा बरा होतो.

काठावर श्रावणी धावत आली. “नाना, कसं होतं? काय झालं?”

राजेशम यांनी तोंड उघडायच्या आत भानुदासराव ओरडले, “मला इचार की सूनबाई! तुजा सासरा भ्याला! लई भ्या वाटलं. मीच म्हनलं, चला बाबा वर.”

मग राजेशम हसायला लागले. असं मोठ्यानं हसले की खाणीत आवाज घुमला. “माढ्याचा वाघ! दातात खापर धरणारा! चिलापीला भ्याला, चिलापीला!” प्रतीक हसला, श्रावणी डोळे पुसत हसली. भानुदासराव ओल्या कपड्यात मान खाली घालून उभे, हसं करून घेत.

मला राजेशम यांचा असा राग आला म्हणून सांगू! दोन मिनिटांपूर्वी स्वतःची काय अवस्था होती ते विसरला काय हा माणूस?

सामान आवरताना मी सवयीनं सिलिंडरचे काटे बघितले. हा काटा उरलेली हवा दाखवतो. जो घाबरतो तो भराभर हवा संपवतो, आणि जो निवांत असतो त्याची पुष्कळ उरते. खाली श्वास कोंडला तरी नंतर धाप लागून हवा जातेच. राजेशम यांचा काटा लाल पट्टीच्या तोंडावर आला होता. भानुदासरावांचा माझ्या काट्याच्या बरोबरीनं उभा होता, आणि मी हे काम आयुष्यभर केलंय. हा माणूस भ्यालेला नव्हता. इतका निवांत शिकाऊ माणूस मी क्वचित पाहिला.

मी त्यांना जीपच्या मागं गाठलं. “भानुदासराव, तुम्हाला भीती वाटली नाही.”

“कुनी सांगितलं?”

“काट्यानं.”

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. “अक्का, तुमी ह्यात पडू नगा. त्येंचं डोळं बगितलं मी काचंतनं. आमच्या हिरीत बुडनाऱ्या पोराचं डोळं असंच असत्यात.”

“मग मला खूण करायची. त्यांच्याकडं बोट दाखवायचं.”

“व्हय, आन् त्येंचा जावई मागं क्यामेरा घिऊन हुता त्ये? ल्येकीला काय दाखवलं असतं त्यानं, बाप कसा भ्याला?” आणि मग जरा हळू म्हणाले, “पंगतीत पाव्हन्याला घास जाईना, तर आपुन काय ‘तुमी उठा’ म्हनतो का? आपुनच आदी हात धुतो.”

तरी माझा स्वभाव. मला वाटलं, उपकार करून ठेवतोय आणि उद्या भांडणात काढणार. तसं विचारलंसुद्धा. “कधी बोलून दाखवणार नाही ना त्यांना?”

“बोलून दाखवायचं असतं तर केलं कशाला?” असं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले.

पुढं त्यांचं हसं सगळ्या नातेवाइकांत झालं. प्रतीकच्या कॅमेऱ्यातला तो अंगठा घराघरातल्या मोबाइलवर फिरला. माढ्यात पोरं विचारायची म्हणे, दादा, चिलापी चावली का? डोहाळजेवण मात्र एकच झालं, माढ्याला. राजेशम सगळं घर घेऊन गेले, आणि तिथंही चिलापीची गोष्ट रंगवून त्यांनीच सांगितली. हे मला श्रावणीनं फोनवर कौतुकानं सांगितलं. माझा जळफळाट झाला. पण भानुदासरावांनी ‘ह्यात पडू नगा’ म्हणून सांगितलं होतं, गप्प बसले.

त्यानंतर काही दिवसांनी राजेशम तलावावर आले. एकटेच. हातात कारखान्यातले दोन टॉवेल. फुकटचा टॉवेल म्हणजे मागं काहीतरी काम असणार, म्हणून मी ते हातात घेतलेच नाहीत. टेबलावर ठेवा म्हटलं.

“अक्का, एक विचारायचं होतं. त्या दिवशी व्याही खरंच भ्याले होते का?”

“त्यांनीच सांगितलं की सगळ्यांसमोर.”

“ते सांगितलं हो. तुम्हाला काय वाटतं?”

आता हा माणूस काय काढायला आलाय? आणखी कुठं सांगायला मसाला पाहिजे असेल. मी म्हटलं, “पाण्याखालचं मला सगळंच दिसतं असं नाही.”

ते जरा हसले. “तुम्हाला दिसलंय. सांगू नका, राहू द्या. मलाही माहितीय. वर येताना त्यांनी माझा हात धरला होता ना? वरपर्यंत सोडला नाही. तो हात हललासुद्धा नाही, अक्का. थरथरत होता तो माझा.”

मी त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं, सवयीनं, कुठं काही लपवतायत का म्हणून. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

“हे माहीत होतं, तरी हसलात त्यांना? तेही गावभर?” माझा आवाज चढलाच.

“मग काय करणार?” राजेशम म्हणाले. “एवढा मोठा माणूस माझ्यासाठी सगळ्यांपुढं भित्रा झाला. तिथं मी गप उभा राहिलो असतो, तर श्रावणीनं लगेच माझं तोंड बघितलं असतं की. मी हसलो नसतो, तर त्यांचं सगळं वाया गेलं असतं.”